पायोरियावर सूज शमवणारं औषध: हो म्हणण्याआधी

‘डॉक्टरांनी तीन महिने अँटिबायोटिक लिहून दिलंय, घेऊ का?’ ‘मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, आता हिरड्यांसाठी इंजेक्शन येतंय. मग सफाई कशाला करून घ्यायची?’ ‘दुकानदारानं ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल दिल्यात, रक्त यायचं थांबेल म्हणाला.’ हिरड्यांच्या आजाराबद्दल विचारणाऱ्यांच्या मनात हल्ली असा घोळ असतो. नुसते जंतू मारण्यापेक्षा शरीराची सूजही आवरायची, ही कल्पना खरी आहे आणि तिच्यामागे चाळीसेक वर्षांचं संशोधन आहे. पण त्यातलं आज तुमच्या कामाचं किती आणि अजून प्रयोगशाळेतलं किती, हे नीट वेगळं करून पाहिल्याशिवाय निर्णय घेता येत नाही.

एका वाक्यात सांगायचं तर सूज आवरणारं कोणतंही औषध सफाईच्या जोडीला घ्यायचं असतं, सफाईच्या ऐवजी नाही. आता बाकीचं क्रमानं पाहा.

एवढं समजलं तरी पुरे

हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो. तो तिथेच राहिला की कडक होऊन त्याचं कीटण बनतं. या जंतूंना हटवायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं आणि पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडू लागतात. इंटरल्यूकिन-१, टीएनएफ ही अशाच निरोप्यांची नावं. जंतूंचा थर हटत नाही, त्यामुळे पायोरियात हे निरोपही थांबत नाहीत. चोर सापडत नाही म्हणून पोलिसांनी घराच्याच भिंती खणत सुटावं, तशी गत होते. हिरडीला दाताशी बांधून ठेवणारे तंतू कापणारी विकरं मोकाट सुटतात. ‘रँक-एल’ नावाचा निरोप हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावतो. दात हलू लागतो तो मुख्यतः आपल्याच पेशींनी केलेल्या या नासधुशीमुळे.

म्हणून औषधं दोन तऱ्हेची: काही जंतूंवर चालतात, काही या निरोपांवर आणि विकरांवर. घोळ होतो तो इथेच, कारण एकच औषध मात्रेप्रमाणे दोन्ही कामं करू शकतं.

पहिली पायरी: आकडे मागून घ्या

‘हिरड्या खराब आहेत’ एवढ्यावर कोणतंही औषध सुरू करू नका. मोजमाप झालंय का, ते विचारा. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट, बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच सरकवतात, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. शेजारी सहायक लिहून घेत असते: ‘तीन, दोन, तीन... पाच, रक्त... सहा, रक्त.’ पंधरा-वीस मिनिटांच्या या कंटाळवाण्या कामातून जो तक्ता तयार होतो, त्यावर पुढचे सगळे निर्णय अवलंबून असतात. आकड्यांचा अर्थ ढोबळमानानं असा:

- १ ते ३ मिमी, रक्त नाही: हिरडी निरोगी.
- रक्त येतं, पण हाड शाबूत: ही हिरडीची वरवरची सूज. सफाई आणि नीट ब्रश केल्यावर ती पूर्ण बरी होऊ शकते. गोळीची गरज नसते.
- ४ ते ५ मिमी आणि एक्स-रेमध्ये हाडाची झीज: पायोरिया. हिरडीखालची खोल सफाई लागते.
- ६ मिमी किंवा जास्त: खोल सफाईनंतरही दात-हिरडीमधली ही खोल फट, म्हणजे पॉकेट, उरलं तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

सोबत ‘स्टेज’ आणि ‘ग्रेड’ही विचारा. २०१८ पासून जगभर ही वर्गवारी वापरात आहे. स्टेज १ ते ४ म्हणजे आजवर नुकसान किती झालं. ग्रेड ए, बी, सी म्हणजे ते किती वेगानं वाढतंय. दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी ओढणारी व्यक्ती, किंवा जिची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७ टक्के किंवा त्याहून जास्त आहे अशी मधुमेही व्यक्ती थेट ‘सी’मध्ये मोडते. सूज आवरणाऱ्या औषधाचा विचार झालाच तर तो पसरलेल्या, वेगानं वाढणाऱ्या आजारात होतो.

दुसरी पायरी: सफाई आधी, औषध मागाहून

खोल सफाईत हिरडीखाली मुळांवर बसलेला थर आणि कीटण काढतात. ती बहुधा भूल देऊन, एक किंवा अधिक बैठकांत होते. तिच्याबद्दलच्या तीन शंका नेहमीच्या आहेत:

- ‘सफाईनं दात ढिले होतात.’ होत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणानं दात एकमेकांना चिकटून राहिलेले असतात. कीटण निघालं की खरी स्थिती कळते.
- ‘दातांत फटी पडल्या.’ सूज उतरली की हिरडी आक्रसते, म्हणून फट दिसते. ती इलाज लागू पडल्याची खूण आहे.
- ‘थंड लागतंय.’ मुळं उघडी पडल्यामुळे काही दिवस ठणकतं. बहुतेकांचं आपोआप कमी होतं. नाही झालं तर डॉक्टरांना सांगा.

यानंतर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तोच तक्ता भरायचा. आधीचे आकडे आणि आत्ताचे आकडे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ‘औषध लागेल’ किंवा ‘ऑपरेशन लागेल’ हे ठरवू देऊ नका. पहिल्याच भेटीत दोन्ही ठरवून टाकणाऱ्याला कारण विचारा.

तिसरी पायरी: औषध कोणत्या कप्प्यातलं आहे ते ओळखा

कप्पा पहिला: वापरात आहे, फायदा थोडा

इथे एकच नाव आहे: अत्यल्प मात्रेतली डॉक्सिसायक्लीन, २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात लॉर्न गोलुब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८० च्या दशकात लक्षात आलं, की टेट्रासायक्लीन गटाची औषधं जंतू मारण्याखेरीज तंतू कापणाऱ्या विकरांनाही रोखतात. त्यातून जंतूंना धक्का लागणार नाही एवढी कमी मात्रा ठरवली गेली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं ती पायोरियासाठी मंजूर केली. म्हणजे ‘तीन महिने अँटिबायोटिक’ ही धास्ती या मात्रेपुरती तरी अनाठायी आहे.

पण फायदा किती? सफाईसोबत ही गोळी घेतली तर हिरडीची पकड नुसत्या सफाईपेक्षा सरासरी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमीच सुधारते. म्हणूनच दोन मोठ्या संस्थांनी दोन वेगळे सल्ले दिले आहेत. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१५ मध्ये मध्यम ते तीव्र आजारात तिचा विचार करायला हरकत नाही म्हटलं. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघानं २०२० मध्ये ती सरसकट देऊ नये असं सुचवलं. तेव्हा तुमचे डॉक्टर ती देत असतील तर चुकत नाहीत आणि देत नसतील तरीही चुकत नाहीत. ‘माझ्याच बाबतीत का?’ हे मात्र विचारून घ्या.

कप्पा दुसरा: ऐकायला बरं, पण सध्या नको

- वेदनाशामक गोळ्या रोज घेणं. सूज कमी होते हे खरं, पण महिनोन् महिने घेतल्यास जठर, मूत्रपिंड आणि हृदयाला धोका असतो.
- स्टॅटिन, मेटफॉर्मिन किंवा हाडाच्या औषधांचे जेल पॉकेटमध्ये भरणं. यावर भारतातही, विशेषतः बंगळूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात, बरंच काम झालं. तरी युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांचा महासंघ ते नेहमीच्या उपचारात वापरू नका असंच सांगतो.
- ओमेगा-थ्री आणि प्रोबायोटिक. त्यांच्यासाठी वेगळा खर्च करावा इतका पुरावा नाही.
- हळदीचे लेप, जेल. छोटे अभ्यास आहेत. लावल्यानं बहुधा अपाय नाही, पण हिरडीखालचं कीटण त्यानं निघत नाही.

कप्पा तिसरा: अजून संशोधनात

सुरुवातीच्या प्रश्नातल्या, अमेरिकेतल्या मुलानं वाचलं असेल ते बहुधा इथलं. अमेरिकेत ‘एएमवाय-१०१’ नावाचं औषध हिरडीत टोचून पाहिलं गेलं. सूज पेटवणाऱ्या ‘कॉम्प्लिमेंट’ साखळीतला सी-३ हा दुवा ते अडवतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत सूज उतरली, पण ती वरवरच्या सुजेच्या रुग्णांत. हाड गेलेल्या रुग्णांसाठी ते अजून नेहमीच्या उपचारात आलेलं नाही. सूज मिटवण्याचा निरोप देणाऱ्या ‘रिझॉल्विन’ या रेणूंनी प्राण्यांमध्ये चांगले निकाल दिले आहेत, माणसांसाठी उपचार म्हणून ते मिळत नाहीत.

आणखी एक उदाहरण डोळे उघडणारं आहे. पांढऱ्या पेशींना रक्तातून हिरडीत उतरताच येत नाही, असा एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. त्यात तरुणपणीच दात जातात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी अशा एका तरुणाला सोरायसिसवरचं एक इंजेक्शन दिलं. इंटरल्यूकिन-१२ आणि २३ हे निरोप त्यानं अडवले आणि हिरड्यांची सूज विरली. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दिशा बरोबर असल्याचा हा भक्कम दाखला आहे, पण तो एका दुर्मीळ आजाराच्या एका रुग्णाचा. साध्या पायोरियासाठी अशी इंजेक्शनं मागू नका. ती शरीराची संरक्षक फळी खिळखिळी करतात आणि त्यांच्यापैकी काहींनी, विशेषतः टीएनएफ रोखणाऱ्यांनी, दबून राहिलेला क्षयरोग उफाळून येऊ शकतो. आपल्याकडे हा धोका कागदावरचा नाही.

डॉक्सिसायक्लीन घ्यायची ठरलीच तर

- औषध चिठ्ठीवरच मिळतं. दुकानात सर्रास मिळते ती १०० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे जंतुनाशक मात्रा. तिचे तुकडे करून ‘२०’ बनवू नका आणि २० च्या जागी १०० घेऊ नका.
- भरपूर पाण्यासोबत, बसून किंवा उभं राहून घ्या. घेतल्या घेतल्या आडवं होऊ नका, अन्ननलिकेत जखम होऊ शकते.
- दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची औषधं यांच्यापासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध अंगी लागत नाही.
- उन्हानं त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. शेतावर, रस्त्यावर काम असेल तर अंग झाका.
- गर्भवती, स्तनपान करणाऱ्या स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुलं यांनी घेऊ नये.
- मुदत लिहून घ्या. साधारण तीन महिने, फार तर नऊ. तीन महिन्यांनी तक्ता पुन्हा भरायचा. आकडे हलले नसतील तर गोळी चालू ठेवण्याचं कारण विचारा.

डॉक्टरांना न विसरता सांगायच्या गोष्टी

हिरड्यांशी यांचा काय संबंध, असं वाटून रुग्ण या गोष्टी सांगत नाहीत. संबंध आहे:

- रक्तदाबासाठी अम्लोडिपिन, फिट्ससाठी फेनिटोइन, अवयवरोपणानंतर सायक्लोस्पोरिन: या औषधांनी काहींच्या हिरड्या फुगतात. औषध बदलता येतं का हे ते देणारे डॉक्टर ठरवतील. स्वतः बंद करू नका.
- हाडांच्या ठिसूळपणासाठी डेनोसुमॅब किंवा बिस्फॉस्फोनेट: डेनोसुमॅब वर सांगितलेल्या रँक-एललाच अडवतं, पण ते हिरड्यांचं औषध नाही. उलट या गटातल्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड मरतं. कर्करोगासाठीच्या मोठ्या मात्रेत हा धोका जास्त. दात काढण्यापूर्वी सांगाच. डेनोसुमॅबची सुई परस्पर चुकवली तर मणक्याचं हाड मोडण्याचा धोका असतो, हेही ध्यानात असू द्या.
- संधिवात, सोरायसिससाठीची बायोलॉजिक इंजेक्शनं: खोल सफाईची वेळ दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावी.
- रक्त पातळ करणारी औषधं: वॉरफरिन असेल तर मेट्रोनिडॅझोल हे जंतुनाशक आणि डॉक्सिसायक्लीन दोन्हींनी त्याचा असर वाढू शकतो.

सुजेचे दोन खटके तुमच्याच हातात

साखर. वाढलेल्या साखरेनं हिरडीतले सुजेचे निरोप वाढतात आणि हिरडीच्या सुजेनं साखर आवरणं अवघड होतं. मधुमेहींमध्ये हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, असं कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात दिसलं. तेव्हा मधुमेहाच्या डॉक्टरांना हिरड्यांचा तक्ता दाखवा आणि दातांच्या डॉक्टरांना साखरेचा रिपोर्ट.

तंबाखू. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात अनेक घरांत बायका अजून सकाळी मशेरी लावतात. ‘मशेरीनं हिरड्या घट्ट होतात’ हे पिढ्यान् पिढ्या ऐकलेलं असतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं हिरडी खाली सरकते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. आजार आतल्या आत वाढतो आणि बाहेर खूण दिसत नाही. सोडल्यावर काही दिवस रक्त वाढलं तर घाबरून पुन्हा ओढू नका. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेची मदत मिळते.

रोजच्या सफाईत मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून, दोन मिनिटं. दातांच्या फटींत बसेल त्या आकाराचा छोटा ब्रश दिवसातून एकदा. रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश लावणं टाळू नका, तिथेच त्याची जास्त गरज असते.

फसगत होते ती इथे

1. ‘लेझरनं एका बैठकीत पायोरिया कायमचा बरा.’ हा आजार आटोक्यात राहतो, पण त्यासाठी दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी लागते. ‘कायमचा’ म्हणणाऱ्यापासून जपून.
2. चिप किंवा जेल म्हणजे ‘सुजेचं नवं औषध’. पॉकेटमध्ये ठेवतात त्या बहुतेक चिप जंतुनाशक असतात. मोजक्या खोल जागी त्यांचा उपयोग होतो, तोंडभर भरून बिल वाढवण्यासाठी नाही.
3. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या महिनोन् महिने. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन-तीन आठवड्यांपुरत्याच घ्या, आणि टूथपेस्टनंतर अर्ध्या तासानं.
4. रक्त थांबलं म्हणून पुढची भेट रद्द. या सवयीपायी दात जातात.

तुमचे हक्क

उपचार घेताना: पर्याय, धोके आणि अंदाजे खर्च आधी समजून घेण्याचा, नकार देण्याचा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा आणि तुमच्या तक्त्याची, एक्स-रेची प्रत मिळवण्याचा हक्क तुम्हाला आहे. औषध ठरलेल्या वापराबाहेर दिलं जात असेल, उदाहरणार्थ मधुमेहाच्या औषधाचा जेल हिरडीत, तर ते तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे. व्यावसायिक वर्तनाची तक्रार राज्याच्या दंत परिषदेकडे करता येते.

चाचणीत सहभागी होताना: एखाद्या दंत महाविद्यालयात नव्या औषधाच्या चाचणीसाठी विचारणा झाली तर बिचकू नका आणि भारावूनही जाऊ नका. २०१९ च्या नव्या औषधांच्या व चाचण्यांच्या नियमांनुसार:

- माहिती तुम्हाला कळेल त्या भाषेत मिळायला हवी आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत तुमच्याकडे राहायला हवी.
- चाचणीला नैतिकता समितीची मान्यता आणि राष्ट्रीय चाचणी नोंदवहीतला क्रमांक हवा. क्रमांक मागून घ्या.
- चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई मिळते.
- कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत.
- दोन्ही गटांना सफाई मिळणार का, हे नक्की विचारा. एका गटाला काहीच न देणाऱ्या चाचणीत तुमचं हाड पणाला लागतं.

कुठे जाल?

हिरड्यांचे तज्ज्ञ म्हणजे पेरिओडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेले डॉक्टर. खासगीत खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे या विषयाचा वेगळा विभाग आहे. रांग असते, विद्यार्थी काम करतात, पण देखरेख तज्ज्ञांची असते आणि मोजमापाचा तक्ता तिथे सहसा टळत नाही. आरोग्य विम्यात बाह्यरुग्ण दंतोपचार बहुधा नसतात, तेव्हा पॉलिसी आधी वाचा.

पुढच्या भेटीला हे पाच प्रश्न लिहून न्या

1. माझी स्टेज आणि ग्रेड काय?
2. सफाईनंतरचे आकडे आधीपेक्षा किती बदलले?
3. हे औषध जंतूंवर आहे की सुजेवर?
4. ते किती दिवस घ्यायचं आणि लागू पडलं की नाही हे कोणत्या आकड्यावरून ठरवायचं?
5. ते घेतलं नाही तर काय बिघडेल?

चौथ्या प्रश्नाला ‘बघू पुढे’ असं उत्तर आलं, तर औषध सुरू करण्याची घाई करू नका. सफाई मात्र लांबणीवर टाकू नका.